वेळूचे बेट : निरीक्षणाचा व मोजणीचा पाठ

(इयत्ता चौथी; तासिका दोन)

हेतू — वेळू कसा वाढतो, आणि त्याचे बेट जिवंत राखून त्यापासून वर्षानुवर्षे लाभ कसा घ्यावा, हे मुलांनी स्वतः पाहून व मोजून समजून घ्यावे.

साहित्य — वेळूचा एक पोकळ व एक भरीव तुकडा, ज्वारीचे ताट, सूप, थोडा तैलरंग.

पूर्वज्ञान — कंधार तालुक्यातील मुलांस वेळू अपरिचित नाही. तिफणीच्या चाड्यातून ज्वारीचे बी ज्या नळ्यांवाटे फणापर्यंत उतरत असे, त्या नळ्या वेळूच्याच असत. घरी सूप, दुरडी, टोपले; गुराख्याच्या हाती काठी. ही नावे मुलांकडूनच काढून घ्यावीत. मग विचारावे, "नळी पोकळ आणि काठी भरीव, असे का?" उत्तर असे की, वेळूच्या जाती अनेक आहेत. काटेरी कळक जाड व पोकळ असतो. मानवेल कोरड्या जमिनीत वाढला म्हणजे जवळजवळ भरीव होतो. म्हणून लाठीकाठीस तोच पसंत पडतो.

विवेचन — वेळू हा वृक्ष नव्हे, ते गवत होय. ज्वारीचे ताट शेजारी ठेवून मुलांस दोहोंची पेरे दाखवावीत. वेळूचा कोंब पावसाळ्यात जमिनीबाहेर येतो तो आपल्या पूर्ण जाडीनिशीच, आणि काही महिन्यांत पुरी उंची गाठतो. त्यानंतर तो उंचही होत नाही व जाडही होत नाही. केवळ आतून कठीण होत जातो. म्हणून "जाड तो जुना" ही समजूत चुकीची आहे. वय ओळखावे ते रंगावरून. यंदाच्या वेळूवर पांढरट भुकटी व पेरांशी पोपडे असतात. दुसऱ्या वर्षी तो स्वच्छ हिरवा दिसतो. तिसऱ्या वर्षापुढे रंग फिका पडतो व अंगावर डाग दिसू लागतात.

येथेच पाठाचा गाभा आहे. पानांनी तयार केलेले अन्न जमिनीतील कंदात साठते व त्यावर पुढील वर्षीचे कोंब पोसतात. नवे कोंब बहुधा बेटाच्या बाहेरच्या अंगास येतात. काठाचे तोडणे सोपे म्हणून मनुष्य तेच तोडतो. आत जुने दाटून राहतात आणि बेट खुंटते. मुळीच न तोडलेले बेटही असेच गुदमरते. म्हणून एका बाजूने आत वाट करून मधले जुने वेळू काढावेत. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या किंचित वर कापावे, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात तोड करू नये. कोवळे कोंब मोडतात.

एक अडचण मुलांपुढे मोकळेपणाने ठेवावी. खांबास पक्का वेळू लागतो, परंतु सूप-दुरडी विणणाऱ्यास हिरवा, लवचिक वेळू हवा असतो. बेटाला मात्र कोवळा राखणे आवश्यक. यावर तोड म्हणजे मोजणी. यंदाचा एकही तोडू नये. दुसऱ्या वर्षाचे विणकामापुरते मोजके घ्यावेत. एकंदर तोड यंदाच्या नव्या कोंबांहून अधिक होऊ देऊ नये.

कृती — दिवाळीच्या सुटीनंतर गावातील ओढ्याकाठचे किंवा बांधावरचे बेट मालकाच्या संमतीने पाहावे. यंदाच्या प्रत्येक वेळूवर एका रंगाचा पट्टा ओढावा. पुढील वर्षी रंग बदलावा. बेट नसल्यास शाळेच्या कुंपणाशी पावसाच्या आरंभी दोन रोपे लावावीत. पाणी साचणारी काळी जमीन टाळावी. उताराची, मुरूममिश्रित जागा निवडावी. पहिली दोन वर्षे उन्हाळी पाणी द्यावे आणि शेळ्यांपासून राखण करावी.

गावात बुरूडकाम करणारे वडीलधारे कारागीर असतील, तर त्यांस सन्मानाने वर्गात बोलवावे व कामट्या काढण्याची रीत त्यांच्याकडून शिकावी. त्या घरचे मूल वर्गात असल्यास त्याच्याकडे बोट दाखवून "हा तुमचा धंदा" असे म्हणू नये. प्लास्टिकच्या टोपल्यांनी ज्यांचे काम हिरावले, त्यांच्या मुलास वर्गात तरी आपल्या वडिलांच्या हाताचा अभिमान वाटावा.

अधिक माहिती — १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. ही गोष्ट पालकसभेत सांगण्याजोगी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेस २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही तिच्या हाती आला. तोडीचा अधिकार आला की मोजणीची जबाबदारीही येते, हे या उदाहरणावरून मुलांस समजावे.

प्रश्न —
१. वेळू गवत आहे हे कशावरून ओळखाल?
२. एका बेटात ३० वेळू आहेत. त्यांत ६ यंदाचे व ७ गतवर्षीचे आहेत. दोन वर्षांवरील किती? बेटाची संख्या घटू न देता यंदा जास्तीत जास्त किती तोडावेत?
३. काठावरचे सर्व वेळू तोडले, तर पुढील पावसाळ्यात काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून घेऊन थांबू नये. पुढील पावसाळ्यात त्याच मुलांस पुन्हा बेटाकडे न्यावे व कोंब मोजावयास सांगावे.