रॅकफच्या निर्देशांकातील चूक

प्रश्न : रॅकफ डेटाबेसच्या तपासणीत निर्देशांकात चूक आढळली. सर्व वापरकर्ते पुन्हा नोंदवावे लागतील का?
– एक वाचक, हिंजवडी, पुणे

उत्तर : ही भीती बहुधा अनाठायी आहे; आयबीएमने १९७६मध्ये आणलेल्या या सुरक्षाप्रणालीत अधिकारांच्या नोंदी, म्हणजे प्रोफाइल, आणि त्यांचे स्थान दाखवणारा निर्देशांक वेगळे असल्याने निर्देशांक बिघडला तरी नोंदी शाबूत राहू शकतात. प्रथम राखीव डेटाबेसही आयआरआरयूटी२०० या तपासणी-साधनाने तपासावा आणि तो निर्दोष असल्यास आरव्हॅरी स्विच आज्ञेने कामकाज त्यावर वळवावे. दोन्ही सदोष असतील, तर प्रत काढताना निर्देशांक नव्याने बांधणारे आयआरआरयूटी४०० उपयोगी पडते. ब्लॉकमधील मजकूर थेट बदलणारी बीएलकेयूपीडी आज्ञा मात्र अखेरचा उपाय समजावी आणि सुरक्षित प्रत हाती असल्याशिवाय, तसेच आयबीएमच्या साहाय्य विभागाचा सल्ला घेतल्याशिवाय ती कृपया वापरू नये.