हेपॅटायटिस सी: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

ऑपरेशनपूर्वीच्या रिपोर्टात ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ आलं की घरचे हबकतात. पण त्यात विषाणू दिसत नाही, शरीराने कधीकाळी बनवलेल्या प्रतिपिंडांचीच खूण दिसते. शंभरातल्या 15 ते 45 जणांत विषाणू सहा महिन्यांत आपसूक जातो. म्हणून पुढची तपासणी एचसीव्ही आरएनए. खासगी लॅबमध्ये ढोबळमानाने चार ते सात हजार. इथे काटकसर करू नका. आरएनए निघाला नाही तर औषध लागत नाही. रक्तदात्यांच्या रक्ताची हेपॅटायटिस सीसाठीची तपासणी 2001पासून सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढवलेल्यांनी, तसंच डायलिसिसवाल्यांनी एकदा तपासून घ्यावंच.

जीनोटाइपचे हजारो रुपये बहुतेकांचे वाचतात, कारण आजच्या गोळ्या विषाणूच्या सर्व प्रकारांवर चालतात. यकृत किती कडक झालंय त्याचा अंदाज जुन्या रिपोर्टांतूनही येतो. एसजीओटी 80, लॅबची कमाल मर्यादा 40, प्लेटलेट दोन लाख: 80 भागिले 40 म्हणजे 2, भागिले 200 (प्लेटलेट हजारांत), गुणिले 100, म्हणजे 1. आकडा 2च्या वर गेला तर सिऱ्होसिसचा संशय. मग फायब्रोस्कॅनचे दोन-पाच हजार सार्थकी लागतात. हेपॅटायटिस बीची तपासणी मात्र चुकवू नका, सीच्या उपचारात दबलेला बी उसळू शकतो.

अमेरिकेत 2013मध्ये सोफोसबुविर या औषधाची एक गोळी हजार डॉलरला होती. 2015मध्ये भारतात 28 गोळ्यांची बाटली 19,900 रुपयांना आली. सिऱ्होसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर रोज, 12 आठवडे. शंभरात पंच्याण्णवहून अधिक बरे होतात.

राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 28 जुलै 2018पासून तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. मुंबईत नाहूरला राहत असाल तर धीमी लोकल थेट सायनला जाते. पालिकेच्या सायन रुग्णालयात केसपेपर काढून या कार्यक्रमाचं उपचार केंद्र कुठे आहे, ते विचारा. आधार आणि सगळे जुने रिपोर्ट जवळ ठेवा. रांगेत अर्धा दिवस जातो, पण काही हजार वाचतात, आणि ज्यांचा रोजगार बुडतो त्यांनी आधीच सुट्टी ठरवावी.

हृदयाच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना नावं सांगा. काढे-भस्मं स्वतःहून घेऊ नका. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए पुन्हा करा. तेव्हा अँटी-एचसीव्ही करू नका, ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते.