क्रीडाप्रक्षेपणाचे स्वामित्व आणि समालोचनाची मराठी

क्रीडावाहिन्यांचा इतिहास सामान्यतः भांडवलाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. भाषाभ्यासकाने तो निराळ्या अंगाने वाचावयास हवा. कारण प्रक्षेपणाचा धनी बदलला की समालोचन कोणत्या भाषेत व्हावे आणि ते कोणाच्या कानी पडावे, हेही बदलते. बंगळुरातील चिकपेट हे अशा वाचनास सोयीचे ठिकाण आहे. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या जुन्या पेठेच्या परिसरात भावसार व नामदेव शिंपी यांची वस्ती आहे. घरात मराठी आणि दुकानात कन्नड, हा त्यांच्यापैकी अनेकांचा नित्याचा व्यवहार.

मराठी समालोचन घडले ते आकाशवाणीवर, आणि ते घडविणाऱ्यांत बाळ ज. पंडित यांचे स्थान अग्रभागी आहे. 'षटक', 'यष्टिरक्षक', 'पायचीत' हे शब्द श्रोत्यांच्या कानी रुळले ते अशा समालोचनामुळे. या परिभाषेत एक मौज आहे. 'गोलंदाज' हा मुळात तोफखान्यातला माणूस. त्याच्याच धर्तीवर 'फलंदाज' हा शब्द आला. कन्नड वृत्तपत्रांतील 'दांडिग' मात्र आपल्या विटीदांडूची आठवण करून देतो. २०२१ मध्ये क्रिकेटच्या इंग्रजी नियमावलीस 'बॅट्समन' बदलून 'बॅटर' करावे लागले. मराठीला ती अडचण कधी आलीच नाही.

परंतु ही मराठी केंद्राच्या क्षेपणकक्षेशी बांधलेली होती. १ नोव्हेंबर १९८१ रोजी बंगळूरचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तरी राष्ट्रीय प्रक्षेपणात समालोचन मुख्यतः इंग्रजी व हिंदीतच राहिले. चिकपेटमधील मराठी श्रोता दोन्हींच्या सीमेवर उभा होता.

पुढे स्वामित्वच ढळले. १९९३ च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. १९९६ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपणहक्क बंगळुरात जन्मलेल्या मार्क मस्करेन्हस यांच्या वर्ल्डटेलकडे गेले, आणि ९ मार्चचा भारत-पाकिस्तान उपान्त्यपूर्व सामना चिन्नस्वामी मैदानावर झाला. त्याच वर्षी ईएसपीएन व स्टार यांनी क्रीडाप्रक्षेपण एकत्र केले. २०१२ मध्ये ईएसपीएन बाहेर पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार व रिलायन्स यांच्या विलीनीकरणातून जिओस्टार झाली.

या घडामोडींत साहित्याच्या अभ्यासकास महत्त्वाची वाटावी अशी दोन वर्षे आहेत. २०१८ मध्ये स्टारने आयपीएलचे समालोचन कन्नड, तमिळ, तेलुगू, बंगालीतही दिले. म्हणजे बाजारपेठ पाहून भाषा निवडली. २०२३ मध्ये जिओसिनेमाने बारा भाषा दिल्या, त्यांत मराठीही होती. भ्रमणध्वनीवर भाषा निवडावयाची ती श्रोत्याने, केंद्राने नव्हे. चिकपेटच्या दुकानात बसून मराठी समालोचन ऐकणे अशा रीतीने शक्य झाले, आणि तेही कोणत्याही भाषिक धोरणामुळे नव्हे.

येथे मला एक शंका सोडवत नाही. आकाशवाणीची मराठी मर्यादित प्रदेशापुरती असली, तरी ती सार्वजनिक कर्तव्याचा भाग होती. आजची मराठी कंपनीच्या निर्णयावर अवलंबून आहे. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांची प्रक्षेपणे प्रसारभारतीस देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. त्याचा रोख चित्र सर्वांपर्यंत पोचावे एवढाच. त्या चित्राबरोबर कोणती भाषा पोचावी, हा प्रश्न त्याने हाताळलेला नाही.