दार उघडं ठेवून केलेली प्रार्थना

प्रश्न : पंडिता रमाबाईंनी आपली ख्रिस्ती श्रद्धा पुण्यात मनातल्या मनात ठेवली असती, तर शारदा सदनावरचं किटाळ टळलं असतं ना? मग त्या गप्प का बसल्या नाहीत?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : टळलं असतं, असं मलाही वाटतं. पण गप्प बसणं रमाबाईंच्या स्वभावातच नव्हतं, आणि त्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. जेमतेम वर्षापूर्वी याच बाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली विदुषी परधर्मात गेली, हे पुणेकरांच्या फार जिव्हारी लागलं. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून त्यांची बाजू जाहीरपणे घेतली.

मुख्यतः विधवा मुलींच्या शिक्षणासाठी रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असं ठरलेलं होतं. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार मात्र लावून घेत नसत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. या उघड्या दारावरून ठिणगी पडली. १८९३ मध्ये 'केसरी' वृत्तपत्राने झोड उठवली, रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालक आपल्या लेकीसुनांना घेऊन गेले. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं : मी कुणाला बोलावणार नाही, आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, आणि माझा देव चोरून पुजणार नाही.

पालकांची भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. घरात जिचे हाल झाले त्या कोवळ्या विधवेला माया लावणाऱ्या बाईचा देवही आपला वाटू लागणं अगदी स्वाभाविक आहे, आणि सदनातल्या काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याही. पण मुलींना जबरदस्तीने ख्रिस्ती केल्याचा आरोप मला पटत नाही. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ऐन वादाच्या वर्षी, १८९३ मध्ये, तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, आणि ती हिंदूच राहिली.

या धीटपणाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती मुद्दाम सांगते. पुण्याला न भ्यायलेल्या रमाबाई वाँटेजच्या मठालाही भ्यायल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये आसरा त्या मठातल्या ख्रिस्ती सिस्टरांचाच, शिक्षणही त्यांच्याच आधारावर. तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, असं रमाबाईंनी मठातल्या सिस्टर जेराल्डिनना स्पष्ट लिहून कळवलं. क्रॉसवर लॅटिनच अक्षरं कशाला, आमची संस्कृत का चालू नये, असं विचारलं. शाकाहार सोडला नाही. इंग्लंडमध्येच चेल्टनहॅमला त्या शिकत-शिकवत असताना त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांनी सुचवलं, तेव्हा त्यांनी आपला संताप लपवला नाही. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुठल्याही चर्चकडे गहाण टाकलेली नाही, असा त्या पत्रांचा एकूण सूर आहे. ज्यांच्या अन्नावर आपण आहोत त्यांना असं तोंडावर सांगणं मला पुण्यातल्या वादापेक्षाही अवघड वाटतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : श्रद्धा झाकून रमाबाईंनी सदनावरचं किटाळ टाळलं असतं, तर मुलींसमोर मनातलं दडवून जगणारी आणखी एक बाई उभी राहिली असती. तशा बाया त्या मुलींनी घरोघरी पाहिलेल्याच होत्या.

हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. जुन्या ग्रंथालयात चौकशी करा आणि मिळालं तर वाँटेजची पत्रं आधी वाचा.