इन्सब्रुकला हिवाळ्यात जाण्याआधी

ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक हे शहर पावणेसहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर, इन नदीच्या काठी वसलं आहे. जुन्या शहरात सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनसाठी १५०० साली पूर्ण झालेला सज्जा आहे, आणि त्याच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेले अडीच हजारांहून जास्त तांब्याचे पत्रे. तिथून थोडं चाललं की झाहा हदीद यांनी रचलेल्या स्थानकातून डोंगरावर जाणारी गाडी सुटते. मध्ये दोनदा रोपवे बदलायचा, की अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही २,२५६ मीटरवर, हाफेलेकारला. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही सहाशे मीटर उंच! नुकतेच आपण कॉफी पीत बसलो होतो हे खरं वाटत नाही. या जवळिकीमुळेच डोंगरही शहराचाच एखादा बगीचा वाटायला लागतो, आणि तिथेच माणसं फसतात.

आमच्या घरचं सांगते. शहराजवळच्या एका गावात जंगलातून उतरणारी स्लेजची वाट होती. माझ्या नणंदेला स्कीइंग करायचंच नव्हतं. स्लेज म्हणजे मुलांचा खेळ, म्हणून ती हौसेने बसली. संध्याकाळ झाली होती, दिवसा वितळलेला बर्फ पुन्हा गोठून टणक झाला होता. एका वळणावर स्लेज उलटली आणि तिचा घोटा मोडला. बचावपथक वेळेत आलं, शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टरांनी तिला फार मायेने वागवलं. खरा मनस्ताप झाला तो घरी परतल्यावर. विमा कंपनीने दावा नाकारला. स्लेज हा हिवाळी खेळ आणि हिवाळी खेळ पॉलिसीतून वगळलेले, असं उत्तर आलं. पॉलिसी विकणाऱ्याने मात्र ‘ताई, सगळं कव्हर आहे’ असं तोंडी सांगितलं होतं. दुखणाऱ्या पायाने ती महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत राहिली. तिचे ते हाल पाहून माझा आजही जीव तुटतो.

म्हणून हे नीट ऐका. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण ती व्हिसाची अट झाली. तुमच्या सहलीत काय काय आहे, हे त्या अटीला ठाऊक नसतं. पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा. स्कीइंग आणि स्लेज दोन्ही धरले आहेत का, डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च धरला आहे का, हे ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. हेलिकॉप्टरचं बिल काही हजार युरोंवर जाऊ शकतं. हिवाळी खेळांसाठी जादा हप्ता भरावा लागला तर भरा. तिथे काटकसर नको.

स्लेजवर बसायचंच असेल तर दुपारी बसा, हेल्मेट भाड्याने घ्या आणि खोल खाचांच्या तळव्यांचे बूट घाला. स्लेज थांबवायची ती पायांनीच, त्यामुळे शहरात फिरायचे स्पोर्ट्स शूज इथे कुचकामी. स्कीच्या वाटा निळ्या, लाल आणि काळ्या रंगाने दाखवतात. निळी सोपी, काळी सर्वांत अवघड. आखलेल्या वाटेबाहेरचा कोवळा बर्फ कितीही खुणावू दे, तिकडे जाऊ नका. हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा पायऱ्यांनी जाहीर होतो आणि ३ म्हणजे मधला, म्हणून चालेल, असा हिशेब आपल्याकडची माणसं करतात. ३ हा आकडा चांगलाच गंभीर असतो. डोंगरावरच्या मदतीसाठी ऑस्ट्रियात १४० हा क्रमांक आहे. तो फोनमध्ये आधीच ठेवा आणि फोन आतल्या खिशात ठेवा, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते.

आणखी एक, फ्योन (Föhn) नावाचा वारा. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून तो उबदार, कोरडा होऊन खाली उतरतो. मग बर्फ वितळतो आणि रोपवे बंद पडतात. बर्फाचा भरवसा तर इथे कुणीच देऊ नये. १९६४च्या हिवाळी ऑलिंपिकला बर्फ कमी पडला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी तो वाहून आणून मार्गांवर पसरला होता. डोंगराचं तिकीट आठवडाभर आधी काढून ठेवण्यापेक्षा त्या सकाळी वारा पाहून काढा. वाऱ्याचा दिवस शहरातल्या हॉफकिर्शे या चर्चला द्या. तिथे मॅक्सिमिलियनच्या रिकाम्या समाधीभोवती माणसाहून मोठे २८ काशाचे पुतळे उभे आहेत. तो स्वतः पुरला आहे व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटमध्ये. माझ्या सासूबाई त्या पुतळ्यांसमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. थकलेल्या माणसांना इथे घेऊन येणं डोंगरापेक्षा कितीतरी बरं.

त्या वाऱ्याच्या दिवशी जुन्या शहरातही वर बघत चाला. उतरत्या छपरांवर साठलेला बर्फ सैल होऊन अख्खाच्या अख्खा रस्त्यावर कोसळतो. घराच्या भिंतीला तिरपी काठी टेकवलेली किंवा ‘डाखलाविने’ अशी पाटी दिसली, की मुलांचा हात धरून पलीकडच्या बाजूने जा.