बेसिन तुंबलंय? आधी हातातली बाटली खाली ठेवा!

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास तुंबतात. एक म्हणजे आपली जर्नल्स आणि दुसरं म्हणजे मजल्यावरचं वॉश बेसिन. जर्नल्सचा उपाय सर्वांना ठाऊक आहे (सिनियर्सची फाइल झिंदाबाद!). बेसिनचा उपायही आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटतं आणि गडबड तिथेच होते. एक जण उकळतं पाणी ओततो. दुसरा टॉयलेट क्लीनर आणतो. तिसरा हार्डवेअरच्या दुकानातून कसलीतरी पांढरी पावडर घेऊन येतो. एवढं करूनही पाणी हललं नाही की चौथा येऊन ब्लीचची बाटली उपडी करतो. तुंबलेल्या बेसिनमुळे फार तर दोन दिवस खालच्या मजल्यावर दात घासायला जावं लागतं. पण ते मोकळं करण्याच्या नादात माणसाचा डोळा जाऊ शकतो. म्हणून हा लेख.

'ब्लॉक झालं' यापेक्षा 'तुंबलं' हा शब्द मला जास्त अचूक वाटतो. ब्लॉक म्हणजे नुसतं बंद. तुंबलं म्हणजे पुढे अडलंय आणि मागे साठत चाललंय. आपल्याला शोधायचं आहे ते हेच, की अडलंय कुठे?

त्यासाठी पाण्याचा रस्ता माहीत हवा. बेसिनच्या जाळीतून पाणी खाली उतरतं ते एका ट्रॅपमध्ये. आपल्याकडे बेसिनखाली बहुतेक वेळा बाटलीसारखा दिसणारा बॉटल ट्रॅप असतो. त्याच्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि गटारातला वास वर येऊ देत नाही. वाकड्या पाईपात पाणी अडवून वास थांबवायची ही कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली फ्लश टॉयलेटचं पेटंट घेतलं, त्यात इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळलेला पाईप होता. (घड्याळजी! आणि आपण म्हणतो की इंटरडिसिप्लिनरी प्रोजेक्ट ही आजकालची फॅशन आहे.) ट्रॅपमधून पाणी वेस्ट पाईपने जमिनीतल्या नहाणी ट्रॅपकडे जातं. सिव्हिलवाल्यांच्या इंग्रजी पुस्तकात दिसणारा हा शब्द आपल्या न्हाणीघरातलाच आहे. तिथून पाणी भिंतीबाहेरच्या उभ्या पाईपमध्ये, मग खाली गली ट्रॅप आणि चेंबरमध्ये जातं. मेसच्या सिंकखाली पुष्कळदा ट्रॅप नसतोच, नुसता घड्या घड्यांचा प्लास्टिकचा पाईप असतो. त्या प्रत्येक घडीत तर्रीचं तेल थिजून बसतं आणि त्यावर भाताची शितं आणि चहाचा चोथा चिकटत जातो.

आता निदान. एकच बेसिन तुंबलं असेल आणि शेजारचं ठीक चालत असेल तर अडथळा त्याच्या जाळीत किंवा ट्रॅपमध्ये आहे. हे आपल्या हातातलं काम. रांगेतली तीन-चार बेसिनं एकदम सुस्त झाली तर त्यांच्या सामाईक पाईपमध्ये काहीतरी आहे. बेसिन रिकामं केल्यावर जमिनीवरच्या जाळीतून पाणी वर येत असेल तर अडथळा नहाणी ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. आणि वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ करतंय आणि पाणी तळमजल्याच्या बाथरूममध्ये उफाळून येतंय, असं असेल तर उभा पाईप किंवा चेंबर तुंबलंय. तिथे आपलं काही काम नाही. फक्त वरच्या सगळ्या मजल्यांना ओरडून सांगायचं की नळ बंद करा. आणखी एक खूण आवाजाची. पाणी जाताना दुसऱ्याच बेसिनमधून गुडगुड ऐकू येत असेल तर लाईनमध्ये हवा खेळत नाहीये, म्हणजे लाईन पुढे अर्धवट तरी अडली आहे.

हातातलं काम म्हणजे काय, ते बघू. पहिलं, जाळी. टॉर्च मारून आत बघा. निम्म्या वेळा केसांचा गुंता तिथेच लटकलेला दिसतो. हातमोजे घाला, तारेला छोटा हूक करा आणि तो गुंता वर ओढा. आत ढकलू नका. ढकललं की तोच गुंता दोन मीटर पुढे जाऊन बसतो, जिथे तुमची तार पोचत नाही.

दुसरं, प्लंजर, म्हणजे दांड्याला रबरी वाटी असलेला तो पंप. हे इतकं साधं यंत्र आहे की आपण त्याला किंमत देत नाही, पण जरा गणित करा. बेसिनमध्ये २० सेंटिमीटर पाणी साठलं असेल तर त्याचा दाब होतो जेमतेम २ किलोपास्कल. आता १० सेंटिमीटर व्यासाची वाटी घेऊन तुम्ही १०० न्यूटनचा जोर दिला (म्हणजे साधारण १० किलो वजन टेकवलं) तर दाब होतो पावणेतेरा किलोपास्कल, सहापटीहून जास्त. तोसुद्धा एकदाच नाही, तर मागे-पुढे, मागे-पुढे. अडकलेला गोळा असा हलवला की सैल होतो. मात्र यासाठी वाटीखाली पाणीच हवं, हवा नको. हवा दाबली जाते आणि तुमची मेहनत तिथेच संपते. म्हणून वाटी बुडेल इतकं पाणी बेसिनमध्ये राहू द्या, वाटीच्या कडेला थोडं व्हॅसलीन लावा, आणि बेसिनच्या वरच्या बाजूला जे ओव्हरफ्लोचं भोक असतं ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. हे भोक उघडं राहिलं तर सगळा दाब तिथून निसटतो. होस्टेलच्या रांगेत तर शेजारची बेसिनंही बंद करावी लागतात. त्यासाठी दोन मित्र आणि दोन ओले टॉवेल लागतील. नाहीतर इकडे तुम्ही दाबाल आणि तिकडे दाढी करणाऱ्याच्या तोंडावर कारंजं उडेल. पंधरा-वीस दणके द्या, शेवटचा झटका वर ओढून द्या, बघा. दोन-तीन फेऱ्या पुरतात. टॉयलेटचा प्लंजर मेसच्या सिंकला वापरू नका, हे सांगायची गरज नसावी.

तिसरं, ट्रॅप उघडणं. खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपचा खालचा कप हाताने फिरतो. चुकीच्या दिशेने आवळू नका. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पान्याने हलकेच फिरवा, कारण प्लास्टिकचे आटे पटकन जातात. आतला गाळ बादलीत पाडा, कप जुन्या टूथब्रशने घासा, रबरी वॉशर होता तसाच बसवा आणि हाताने आवळा. पाणी सोडून खालून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर वॉशर नीट बसलेला नाही. आणि बादलीतलं पाणी त्याच बेसिनमध्ये ओतू नका! ट्रॅप तुमच्या हातात आहे, सगळं पायावर येईल. चहाचा चोथा, टिकल्या, टूथपेस्टची झाकणं, कधी हरवलेला स्क्रू, बहुतेक वेळा गोष्ट इथेच मिटते.

आता गरम पाणी. तेलकट सिंकला ते उपयोगी पडतं, पण उकळतं नको. आपले ड्रेनचे पाईप पीव्हीसीचे असतात आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. पाईप वाकतो, जोड सैल होतात, आणि गळती खालच्या रूमच्या छतावर दिसायला लागते. आंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त गरम, त्यात भांड्यांचा साबण, एवढं बस. साबण विसरू नका. नुसत्या गरम पाण्याने तेल वितळतं आणि पुढच्या थंड पाईपात जाऊन पुन्हा थिजतं. या थिजलेल्या चरबीची ताकद बघायची असेल तर लंडनचं उदाहरण आहे. २०१७ साली तिथल्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि ओल्या वाइप्सचा २५० मीटर लांब, अंदाजे १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. त्याचा तुकडा पुढे म्युझियममध्ये ठेवला.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगरबद्दल इतकंच, की फेस छान येतो. आम्लाने अल्कली मारली, कार्बन डायऑक्साइड उडून गेला, खाली राहिलं सोडियम ॲसिटेटचं पाणी. आठवीची केमिस्ट्री आहे. त्रास काही नाही, फारसा फायदाही नाही.

खरा प्रश्न आहे त्या पांढऱ्या पावडरचा. ती बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड असते. ती काम करत नाही असं मी म्हणत नाही. तेलाचा ती साबण करते आणि केसही विरघळवते. पण ४० ग्रॅम, म्हणजे एक मोल कॉस्टिक पाण्यात विरघळताना सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तुंबलेल्या ट्रॅपमध्ये पाणी असतं किती? २०० मिली धरा. गणित करून बघा, तापमान सुमारे ४५ अंशांनी चढतं. म्हणजे नळाचं २८ अंशांचं पाणी ७० च्या वर. पावडरच्या ढिगापाशी तर ते त्याहून गरम होऊन उसळतं, आणि तुम्ही नेमके वाकून बघत असता. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर ॲसिडपेक्षाही वाईट, कारण ते आतल्या थरात खोल शिरत जातं. शिवाय सगळी पावडर विरघळली नाही तर पाईपात दगडासारखा गोळा होऊन बसतो. झालं, आधी गाळ होता, आता दगड! ॲल्युमिनियमच्या भांड्यावर ती पडली तर हायड्रोजन निघतो, तेव्हा मेसच्या पातेल्यांपासून ती लांबच बरी.

त्याहून वाईट म्हणजे मिसळणं. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीवरचं लेबल वाचा. बहुतेकांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो, जो पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या लढाईत शस्त्र म्हणून वापरला गेला. होस्टेलच्या बाथरूमला एक खिडकी असते आणि तीही पावसाने फुगून बसलेली. कॉस्टिकवर ॲसिड ओतणं म्हणजे पुन्हा उष्णता आणि उसळी. पहिलं औषध चाललं नाही म्हणून दुसरं ओतायचं नाही, हा नियम पाठच करा. आणि एकदा केमिकल ओतलं की प्लंजर मारायचा नाही, ट्रॅपही उघडायचा नाही. नाहीतर तेच पाणी तुमच्या तोंडावर येतं.

तरीही अंगावर उडालं तर? लगेच वाहत्या पाण्याखाली. डोळा असेल तर पापणी उघडी धरून किमान १५ ते २० मिनिटं धुवत राहा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढा, आणि मग थेट हॉस्पिटल. लिंबू, व्हिनेगर असलं न्यूट्रलायझेशन प्रॅक्टिकलच्या बीकरमध्ये करा, डोळ्यात नाही. घशात उग्र वास गेला तर बाटल्या आवरत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत पळा.

प्लंबरला कधी बोलवायचं? तीन फेऱ्या प्लंजर मारून ट्रॅप साफ करूनही पाणी जात नसेल तेव्हा. एकापेक्षा जास्त बेसिनं अडली असतील तेव्हा. जमिनीतून पाणी वर येत असेल, भिंतीला ओल दिसत असेल, जोड गळत असेल, किंवा पाईप इतका जुना असेल की हात लावला तर तुटेल, तेव्हा. आणि कोणी केमिकल ओतलेलं असेल, तर इतर काहीही न करता, तेव्हाच. होस्टेलमध्ये हे रेक्टर ऑफिसच्या कंप्लेंट रजिस्टरमधून जातं. 'बेसिन खराब' असं न लिहिता कुठलं बेसिन, कधीपासून, शेजारची चालतात का, हे लिहा. प्लंबर काका योग्य लांबीची स्प्रिंग घेऊन एकाच खेपेत येतील.

चेंबरबद्दल एक गोष्ट ठळक सांगतो. मागच्या बाजूचं झाकण उचलून 'बघू तरी' म्हणून आत डोकावू नका, आणि कोणालाही आत उतरू देऊ नका. आत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आपल्याला वाटतं हवा साफ झाली. दरवर्षी आपल्या देशात माणसं अशीच मरतात, आणि आधी उतरलेल्याला काढायला गेलेला दुसराही मरतो. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक हाताने सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम मशिनचं. 'शंभर रुपये जास्त देतो, जरा उतर' हे वाक्य आपल्या कँपसमध्ये कोणाच्याही तोंडून ऐकू आलं तर सरळ रेक्टर सरांना फोन करा.

आणि प्लंबर येईपर्यंत बेसिनवर चिठ्ठी लावा. नुसतं 'आउट ऑफ ऑर्डर' नको. मोठ्या अक्षरात, मराठीत: 'वापरू नका, हात घालू नका, आत कॉस्टिक टाकलं आहे', आणि खाली टाकल्याची वेळ. सकाळी सहा वाजता सफाईच्या मावशी येतात तेव्हा आपण सगळे झोपलेले असतो, आणि त्या पहिल्यांदा त्या जाळीतला कचराच हाताने काढतात.