मेंदूतील रोहिणीचा फुगवटा : वारसा आणि सवय
रोहिणीची भिंत जेथे दुबळी असते, तेथे ती रक्ताच्या दाबाने फुगते. मेंदूच्या तळाशी, रोहिणीस फाटे फुटतात तेथे, असे फुगवटे विशेषेकरून आढळतात. शंभर प्रौढांत सुमारे 3 जणांना ते असतात. बहुतेकांचे जन्मभर फुटत नाहीत. आईबाप व भावंडे यांपैकी दोघांस हा विकार झाला असल्यास मात्र धोका बराच वाढतो; अशांनी तपासणीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घराण्याचा शाप म्हणून जे सांगितले जाते, त्यात वारशाबरोबर ओसरीवरच्या विडीचा आणि वाढलेल्या रक्तदाबाचाही वाटा असू शकतो. वर्गात हे शिकविताना कोणा विद्यार्थ्याच्या घरचे उदाहरण घेऊ नये. एकाएकी, पूर्वी कधी नव्हे अशी असह्य डोकेदुखी उठल्यास लेप लावीत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.